क्रिएटिनीन ‘रेंजमध्ये’ आहे, पण कुणाच्या रेंजमध्ये?

*पत्र (थोडं आटोपतं घेऊन):*

नमस्कार डॉक्टर. माझी आई ६२ वर्षांची आहे. मधुमेह होऊन १३ वर्षं झाली, थायरॉइडची गोळीही चालू आहे. वजन जेमतेम ४४ किलो. माळकरी असल्याने पूर्ण शाकाहारी. यंदा आळंदीहून पंढरपूरपर्यंत पायी वारी करून आली आणि चौथ्या दिवशी आम्ही तिच्या नेहमीच्या तपासण्या उरकून घेतल्या. शुगर १४०, क्रिएटिनीन १.१ आलं. रिपोर्टवर ०.६ ते १.२ अशी रेंज छापली आहे, म्हणजे नॉर्मलच ना? गेल्या वर्षी ०.९ होतं, त्याच्या आदल्या वर्षी ०.८. तरीही आमच्या डॉक्टरांनी लघवीतल्या अल्ब्युमिनची टेस्ट करायला लावली. ती ४८ आली, पुढे ‘हाय’ लिहिलंय. आई म्हणते, ‘रक्त चांगलं आहे ना, मग लघवीचं काय घेऊन बसलात!’ न्यू जर्सीतला माझा भाऊ म्हणतो, लघवीवर विसंबू नका, तिकडे किडनीचा आजार आधीच पकडणारी नवी रक्ततपासणी निघाली आहे, तीच शोधा, आणि तोवर सिस्टॅटिन-सी असलेलं एखादं ‘किडनी पॅकेज’ करून टाका. कोणती रक्ततपासणी केली म्हणजे आईच्या किडन्यांचं खरं काय ते कळेल? आणि तिला आत्ताच सांगू, की खात्री झाल्यावर?
— एक लेक, कराड

*उत्तर:*

कराडच्या लेकीस नमस्कार.

तुमच्या डॉक्टरांनी छापील रेंज पाहून रिपोर्ट बाजूला ठेवला नाही, हे तुमच्या आईचं नशीब समजा. मी पॅथॉलॉजीवाली, आयुष्य लॅबमध्ये गेलं. रिपोर्ट न्यायला आलेला माणूस काउंटरवरच पहिला प्रश्न विचारतो, ‘काही ठळक अक्षरात आलंय का?’ नाही म्हटलं की कागदाची घडी खिशात. मधुमेहात किडनीचा आजार वर्षानुवर्षं लपून राहतो तो बहुतेक वेळा त्या घडीतच.

आधी हा १.१ आकडा घेऊ. समजा तुमच्या शेजारच्या २५ वर्षांच्या, व्यायामाने अंग कमावलेल्या मुलाचं क्रिएटिनीनही १.१ आहे. वय आणि स्त्री की पुरुष हे धरून क्रिएटिनीनवरून किडनीची गाळण्याची क्षमता काढायचं एक सूत्र आहे, त्या उत्तराला ईजीएफआर म्हणतात. २०२१ मध्ये सुधारलेलं सीकेडी-ईपीआय सूत्र लावलं तर त्या मुलाचा ईजीएफआर येतो ९६ च्या जवळपास. तुमच्या आईचा येतो ५७. आकडा तोच, छापील रेंजही तीच आणि दोघांच्याही कागदावर ठळक काही नाही. ६० च्या खालचा ईजीएफआर तीन महिन्यांहून जास्त टिकला तर त्याला किडनीचा जुनाट आजार म्हणतात, म्हणजे आई त्या रेषेच्या खाली उभी आहे. कायमची की चार दिवसांपुरती, हे आपल्याला अजून ठरवायचंय.

आता जुने रिपोर्ट काढा. दोन वर्षांपूर्वीच्या ०.८ वर ईजीएफआर होता साधारण ८४. गेल्या वर्षीच्या ०.९ वर ७३. यंदा ५७. तिन्ही वर्षी ‘नॉर्मल’. आकडे एकाखाली एक लिहिले असते तर उतार दिसला असता, पण आपण दरवर्षी कागद नव्याने वाचतो आणि रेंजशी ताडून ठेवून देतो. ०.८ चं ०.९ झालं म्हणून मी घाबरले नसते. ०.१ चा फरक आमच्या मशीनच्या लहरीनेही पडतो, लॅब बदलली तर हमखास पडतो. पण एकाच दिशेने दोनदा सरकलेला आकडा दुर्लक्ष करण्यासारखा नसतो.

क्रिएटिनीनचा स्वभाव समजून घेतला तर बाकीचं सोपं जाईल. ते स्नायूंमधून तयार होतं, रक्तात येतं आणि किडनी ते गाळून लघवीत टाकते. गाळणं निम्म्यावर आलं की रक्तातलं क्रिएटिनीन साधारण दुप्पट होतं. एखाद्या बाईचं मूळचं क्रिएटिनीन ०.६ असेल तर निम्मी क्षमता गेल्यावर ते १.२ होईल, आणि कागद तरीही गप्प! उलट ४ चं ५ झालं की सगळं घर हादरतं. खरं तर तोवर गमावण्यासारखं फारसं उरलेलंच नसतं. सुरुवातीची सगळी पडझड ह्या टेस्टच्या आंधळ्या पट्ट्यात होते.

तुमच्या आईच्या बाबतीत तर हा १.१ दोन्ही बाजूंनी पुसट आहे. एकीकडे वजन ४४ किलो, वय ६२, आहार शाकाहारी. स्नायू कमी, म्हणून क्रिएटिनीनची निर्मितीच कमी. अशा अंगाच्या माणसात सूत्राने काढलेला ईजीएफआर खऱ्यापेक्षा बरा दिसतो. आपल्याकडच्या बारीक चणीच्या, मांसाहार न करणाऱ्या मंडळींत ही गफलत नेहमीचीच. म्हणजे खरी क्षमता ५७ हूनही कमी असू शकते.

दुसरीकडे वारी. इतके दिवस रोज मैलोन्‌मैल चालणं, घाम, वाटेत शौचाची सोय होईल न होईल म्हणून बायका मुद्दाम पाणी कमी पितात तो प्रकार (विचारा आईला, हो म्हणेल), आणि वर पाय ठणकतात म्हणून घेतलेल्या दुखीच्या गोळ्या. ह्यातल्या प्रत्येकाने क्रिएटिनीन तात्पुरतं वर जातं. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, अ‍ॅसिक्लोफेनॅक ह्या जातीच्या गोळ्या किडनीत येणारा रक्तपुरवठाच आखडतात. अंगात पाणी कमी असताना तर जास्तच. तेव्हा किती गोळ्या, किती दिवस, हे आईकडून नीट वदवून घ्या. मेडिकलमधून सुट्ट्या आणलेल्या गोळ्यांना आपल्या बायका औषधात धरत नाहीत. आणि तसं निघालं तर खरी क्षमता ५७ पेक्षा बरी असेल.

तर वर की खाली? एवढ्या रिपोर्टवरून मी काय, कुणीच सांगणार नाही. तपासण्या वारीनंतर चौथ्या दिवशी केल्यात, तेवढी घाई नडली. पण तपासण्या फुकट गेल्या असं मात्र समजू नका.

एक बारीकशी गोष्ट, कारण मला राहवत नाही. क्रिएटिनीन मोजायची जाफेची पद्धत १८८६ सालची आहे. पिक्रिक आम्लाशी क्रिएटिनीनचा संयोग होऊन नारिंगी रंग येतो आणि रंग जितका गडद तितका आकडा मोठा. ती सुधारत सुधारत आजही पुष्कळ लॅबमध्ये चालते, कारण स्वस्त आहे. पण रक्तात साखर फार चढलेली असेल, कीटोन असतील किंवा काही अँटिबायोटिक चालू असतील तर त्यांचाही रंग त्यात मिसळतो. एन्झाइमवाल्या पद्धतीत ही भेसळ कमी. लॅबला नुसतं विचारा, ‘क्रिएटिनीन कोणत्या पद्धतीने करता?’ प्रश्न ऐकून कुणी चिडलं तर मला त्या लॅबबद्दल वेगळीच शंका येईल. आणि पुढच्या सगळ्या तपासण्या एकाच लॅबमध्ये करा, मग ती पद्धत कोणती का असेना.

आता आईचा प्रश्न. रक्त चांगलं, मग लघवीचं काय?

मधुमेहात सुरुवातीला उलटाच प्रकार होतो. साखर वाढली की किडनीतून साखर आणि तिच्याबरोबर मीठही जास्त ओढून परत रक्तात घेतलं जातं. पुढच्या नळीपर्यंत मीठ कमी पोचतं, किडनीला वाटतं आपण कमी गाळतोय, म्हणून ती आत येणारी रक्तवाहिनी सैल करते आणि गाळण्यांवरचा दाब वाढतो. दोन्ही किडन्यांत मिळून वीसेक लाख गाळण्या असतात, दिवसाला १८० लिटरच्या आसपास पाणी त्यांच्यातून गाळलं जातं. त्यांना हे जादा ओझं. ह्या काळात क्रिएटिनीन कमीच येतं, ईजीएफआर झकास दिसतो आणि रिपोर्ट बघून पेढे वाटावेत असं वाटतं. पण दाबाने गाळणीची भोकं हळूहळू सैल होत असतात आणि रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन थोडं थोडं लघवीत झिरपायला लागतं. नळाला पाणी जोरात येतंय म्हणून खूश असावं आणि पाइप भिंतीच्या आत गळत असावा, तसं.

ही गळती आधी सूचना देते हे १९८२ साली लंडनच्या गाइज हॉस्पिटलमधल्या व्हिबर्टी आणि सहकाऱ्यांनी इन्सुलिनवरच्या रुग्णांत दाखवलं, आणि १९८४ साली डेन्मार्कमधल्या ऑर्हुसच्या मोगेन्सन यांनी उतारवयात मधुमेह झालेल्यांत. अल्ब्युमिन इतकं कमी की लघवीत बुडवायच्या नेहमीच्या पट्टीवर दिसणारही नाही, तरी ते ज्यांच्या लघवीत सापडलं त्यांच्या किडन्या पुढे जास्त बिघडल्या, आणि मृत्यूचं प्रमाणही जास्त होतं. चाळीस वर्षं झाली. एवढ्या काळात रक्तातल्या कितीतरी खुणा आल्या, पण ह्या लघवीच्या डबीला तिच्या जागेवरून कुणी हलवलेलं नाही. टाइप २ मधुमेहात ही टेस्ट निदान झालेल्या वर्षापासून दरवर्षी करायची असते, टाइप १ मध्ये पाच वर्षांनंतर दरवर्षी. तुमच्या आईची १३ वर्षांत पहिल्यांदा झाली असेल तर ती एकटी नाही, हे मी काउंटरमागून सांगते.

‘युरिन रुटीन’मध्ये ‘प्रोटीन निल’ आलं म्हणजे हे नाही, असं समजू नका. त्या पट्टीला गळती पुष्कळ वाढल्यावरच रंग येतो. तुम्ही केलेली टेस्ट वेगळी. रिपोर्टवर तिचं नाव ‘मायक्रोअल्ब्युमिन’ किंवा ‘अल्ब्युमिन-क्रिएटिनीन रेशो’, थोडक्यात एसीआर. पहिलं नाव दिशाभूल करणारं आहे. अल्ब्युमिन तेच असतं, नेहमीएवढंच, फक्त प्रमाण थोडं. एक ग्रॅम क्रिएटिनीनमागे ३० मिलिग्रॅमच्या आत ठीक, ३० ते ३०० मध्यम वाढ, ३०० च्या वर जास्त. काही लॅब मिलिग्रॅममागे मायक्रोग्रॅम छापतात, आकडा तोच राहतो. परदेशातल्या नातेवाइकांचे रिपोर्ट मिलिमोलमध्ये असतील तर तिथला ३ म्हणजे आपला ३०, नाहीतर फोनवर उगाच तुलना होते.

मग आईचे ४८? इथेही वारी आडवी येते. जोराची चाल, ताप, लघवीचा जंतुसंसर्ग, फार चढलेली साखर किंवा बीपी, ह्या सगळ्यांनी अल्ब्युमिन तात्पुरतं वाढतं. शिवाय हा भागाकार आहे. भाजक म्हणजे लघवीतलं क्रिएटिनीन, ते बारीक अंगाच्या बाईत कमी, म्हणून रेशो थोडा फुगतो. म्हणून नियम असा की तीन ते सहा महिन्यांत तीन नमुने तपासायचे आणि त्यांतले दोन वाढलेले आले तरच गळती आहे म्हणायचं. आईचा एक झालाय, तोही वादातला. दोन राहिलेत.

आणि उलट बाजूही सांगते, नाहीतर तुम्ही फक्त लघवीच्या मागे लागाल. काही मधुमेही लोकांत लघवीत अल्ब्युमिन अजिबात येत नाही आणि गाळण्याची क्षमता मात्र घसरत जाते. म्हणून लघवी आणि रक्त, दोन्ही हवंच. तुमच्या भावाचं ‘लघवीवर विसंबू नका’ एवढ्यापुरतं बरोबर आहे.

आता त्याच्या बाकीच्या म्हणण्याकडे.

सिस्टॅटिन-सी करा. पॅकेजांतल्या बहुतेक गोष्टींना मी नाही म्हणते, ह्याला हो म्हणते, कारण तुमची आई ह्या टेस्टसाठी अगदी नेमकी व्यक्ती आहे. हे एक छोटं प्रथिन आहे. शरीरातल्या जवळजवळ सगळ्याच पेशी ते एकसारख्या गतीने बनवतात, स्नायू किती ह्याच्याशी त्याला फारसं देणंघेणं नाही. किडनी ते गाळते आणि तिथेच त्याचे तुकडे करून संपवते. किडनीचं मोजमाप म्हणून ते १९८५ पासून माहीत आहे, म्हणजे नवं काहीच नाही, आपल्याकडे मागत कुणी नाही एवढंच. आईचं सिस्टॅटिन-सी लिटरला ०.९ मिलिग्रॅमच्या घरात आलं तर त्यावरून क्षमता निघते ८३ च्या आसपास, म्हणजे क्रिएटिनीनने वारीच्या थकव्याची तक्रार केली होती असं धरायला जागा आहे. १.२ आलं तर ५६, म्हणजे दोन वेगळ्या वाटांनी जाऊन आपण एकाच ठिकाणी पोचलो. सगळ्यात भरवशाचा आकडा दोन्ही एकत्र घालणाऱ्या सूत्राचा. २०२४ च्या केडिगो ह्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही अशा अडचणीच्या वेळी तोच वापरा म्हणतात.

मात्र सिस्टॅटिन-सीलाही स्वतःच्या खोडी आहेत. थायरॉइड जास्त झालं तर ते वर जातं, कमी पडलं तर खाली येतं, आणि दोन्ही वेळी किडनीचा त्यात काही हात नसतो. तुमच्या आईची थायरॉइडची गोळी चालू आहे, तेव्हा त्याच दिवशी टीएसएच ही थायरॉइडची तपासणीही करा. टीएसएच जागेवर नसेल तर सिस्टॅटिनचे पैसे वाया जातील, आधी गोळीचा डोस बसू द्या. स्टेरॉइड, लठ्ठपणा, धूम्रपान आणि अंगात चाललेली कुठलीही मोठी सूज ह्यांनीही तो आकडा वाढतो. क्रिएटिनीनपेक्षा ही टेस्ट बरीच महाग आहे आणि दरवर्षी करायची गरज नाही. शंका फेडण्यासाठी एकदा करायची.

राहिली न्यू जर्सीची ‘नवी टेस्ट’. भाऊ बहुधा किडनीइंटेलएक्स नावाच्या तपासणीबद्दल बोलत असावा. तिची गोष्ट रंजक आहे. बॉस्टनच्या जोसलिन मधुमेह केंद्रातल्या संशोधकांनी २०१२ साली दाखवलं की रक्तात फिरणारे टीएनएफ रिसेप्टर १ आणि २ ज्यांच्यात जास्त, त्यांच्या किडन्या पुढच्या काळात वेगाने उतरणीला लागतात. सुजेशी संबंधित अशी ही दोन प्रथिनं. त्यांच्या जोडीला किम-१, किडनीच्या नळ्यांना इजा झाली की वाढणारं आणखी एक प्रथिन. ही तिन्ही आणि रुग्णाची बाकीची माहिती एकत्र करून धोक्याचा गुणांक काढायचा, अशी ती टेस्ट. २०२३ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने तिला परवानगी दिली.

पण परवानगी कशासाठी दिली ते भावाला नीट वाचायला सांगा. टाइप २ मधुमेह आहे आणि किडनीचा आजार *आधीच झालेला आहे*, अशा माणसात तो किती वेगाने वाढेल ह्याचा अंदाज बांधण्यासाठी. आजार आहे की नाही हे ती सांगत नाही. तुमचा प्रश्न तर तोच आहे. पेरणी झाली की नाही हे अजून पाहायचंय आणि तुम्ही बाजारभाव विचारताय. ह्या तीन प्रथिनांखेरीज सुपार, एनगॅल अशी नावंही तुमच्या वाचनात येतील. संशोधनात त्यांचं स्थान आहे. पण उद्या कुणी आईचे हे सगळे आकडे माझ्या हातात ठेवले, तरी तिची एकही गोळी त्यांच्यावरून बदलेल असं मला वाटत नाही. ज्या टेस्टच्या उत्तराने पुढचं पाऊल बदलत नाही ती सध्या सोडून द्या, असा माझा साधा हिशोब आहे.

आणि ते ‘किडनी पॅकेज’. युरिया, युरिक अ‍ॅसिड, कॅल्शियम, फॉस्फरस, सोडियम… यादी लांबलचक दिसते. युरिया पाणी कमी प्यायल्यानेही वाढतो. युरिक अ‍ॅसिड वाढण्याची कारणं शंभर. फॉस्फरस बिघडतो तो आजार पुष्कळ पुढे गेल्यावर. लवकर ओळखण्याच्या कामाचं ह्यात काही नाही, आणि गंमत म्हणजे अशा किती पॅकेजांत एसीआरच नसतो! यादीत तो आहे का तेवढं बघा.

तर करायचं काय?

निदान दोन-तीन आठवडे जाऊ द्या. दुखीच्या गोळ्या बंद. पाय दुखलेच तर पॅरासिटामॉल चालेल का ते डॉक्टरांना विचारून द्या. आईला तहानेप्रमाणे नीट पाणी पिऊ द्या. किडनी ‘धुण्यासाठी’ घागरभर पाणी पाजायची मात्र गरज नाही. मग एखाद्या सकाळी, निर्जळी उपवासाचा दिवस टाळून, रक्त द्या. क्रिएटिनीन, सिस्टॅटिन-सी, टीएसएच, पोटॅशियम, आणि साखरेची तीन महिन्यांची सरासरी सांगणारं एचबीए१सी झालं नसेल तर तेही. तुम्ही शुगर १४० लिहिलीत, पण ती उपाशीपोटी की जेवणानंतरची? तीन महिन्यांची सरासरी कळल्याशिवाय १४० ला फारसा अर्थ नाही. त्याच दिवशी लघवीचा नमुना. उठल्याउठल्याची पहिली लघवी घ्यायची आणि सुरुवातीची थोडी सोडून मधली धार डबीत धरायची. आदल्या दिवशी शेतात कष्टाचं काम नको, ताप नको, लघवीला जळजळ नको. महिना-दीड महिन्याने लघवीचा आणखी एक नमुना, आणि वारीनंतरच्या त्या पहिल्या रिपोर्टला तीन महिने पूर्ण झाले की पुन्हा क्रिएटिनीन. डोळ्यांचा पडदा गेल्या वर्षभरात तपासला नसेल तर तोही, बुबुळं मोठी करणारे थेंब घालून. किडनीच्या गाळण्या आणि डोळ्यांचा पडदा, दोन्हीकडच्या बारीक रक्तवाहिन्या मधुमेहाने सहसा जोडीने बिघडतात. लघवीत अल्ब्युमिन खूप आणि पडदा मात्र स्वच्छ, असं निघालं तर डॉक्टर दुसरं काही कारण आहे का ते शोधतील.

ह्या सगळ्यातून दोन्ही गोष्टी चांगल्या निघाल्या तर दर वर्षी रक्त आणि लघवी, बास. वाईट निघाल्या तर? त्याबद्दलही थोडं बोलू, कारण मला वाटतं तुमच्या शेवटच्या प्रश्नामागे खरी भीती ‘डायलिसिस’ ह्या शब्दाची आहे.

४८ आणि ५७ हे डायलिसिसपासून फार लांबचे आकडे आहेत. आणि आज ह्या टप्प्यावर हातात औषधं आहेत. माझ्या शिक्षणाच्या काळात असं म्हणता येत नव्हतं. लोसार्टन, टेल्मिसार्टन ह्या ‘सार्टन’ जातीच्या बीपीच्या गोळ्या गाळणीवरचा दाब उतरवतात. त्यांचा किडनीला होणारा फायदा २००१ मध्ये मोठ्या चाचण्यांतून सिद्ध झाला. मग आल्या ‘ग्लिफ्लोझिन’ गोळ्या. वर सांगितलं ना, किडनी साखर आणि मीठ परत ओढते, तीच ओढ त्या सोडवतात. २०१९ मध्ये कॅनाग्लिफ्लोझिनची, २०२० मध्ये डापाग्लिफ्लोझिनची चाचणी किडनीच्या बाजूने लागली. भारतात डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट २०२० मध्ये संपलं, एम्पाग्लिफ्लोझिनचं २०२५ मध्ये, आणि किमती सामान्य घराच्या आवाक्यात आल्या. ह्यातलं आईला काय लागू, हे तुमचे डॉक्टर ठरवतील. ४४ किलोच्या बाईला हात राखूनच औषध द्यावं लागतं. मी तुम्हाला फक्त एक गोष्ट आधी सांगून ठेवते. ह्या दोन्ही गटांतली गोळी सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत क्रिएटिनीन थोडं *वाढतं*. दाब उतरला म्हणून वाढतं, आणि ३० टक्क्यांपर्यंतची वाढ डॉक्टर सहसा चालवून घेतात. लोक तेवढ्यात रिपोर्ट बघतात, ‘गोळीने किडनी बिघडवली’ म्हणून आपल्या मनाने ती बंद करतात आणि कुणाच्या तरी पुड्या सुरू होतात. पुडीत काय आहे ते देणारा सांगत नाही, आणि शिसं-पारा असलेल्या पुडीने किडनी कशी जाते ते मी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेलं आहे.

आईचं मेटफॉर्मिन चालू असेल तर ५७ वर ते चालतं. ४५ च्या खाली डोस कमी करायचा विचार होतो, ३० च्या खाली बंद. मीठ कमी करायचं म्हणून सैंधव आणू नका, तेही मीठच आहे. आणि बाजारात ‘लो सोडियम’ म्हणून मिळतं त्यात पोटॅशियम घातलेलं असतं. सार्टनच्या गोळीबरोबर ते तर नकोच.

आता, आईला सांगायचं का? सांगा. आजच सांगा. पण ‘किडनी खराब झाली’ असं नको, कारण ते अजून खरं नाही. सांगा की वारीच्या दगदगीने आकडे हलले असतील किंवा आतून काही सुरू झालं असेल, आणि ते कळायला दोन वेळा डबी आणि दोन वेळा रक्त द्यावं लागेल. जी बाई पालखीबरोबर घाट चढून जाते तिला एवढं ऐकवतं. न सांगता तुम्ही तिच्याकडून दुखीच्या गोळ्या बंद करून घेणार कशा? आणि ‘लघवीचं काय घेऊन बसलात’ ह्याचं उत्तर तिला तुम्हीच द्या. माझ्यापेक्षा तिच्या भाषेत चांगलं देता येईल.

कार्तिकी एकादशीपर्यंत तिन्ही नमुने आणि दुसरं क्रिएटिनीन हातात असेल. तिला पंढरपूरला जायचं असेल तर जाऊ द्या. एसटीने गेली तर उत्तम, चालत गेली तर पाण्याची बाटली तुम्ही भरून द्या आणि पिशवीतली गोळ्यांची पट्टी काढून ठेवा. फक्त शेवटची डबी जायच्या आधी लॅबमध्ये पोचवा, परत आल्यावर नको.